गोल पिक्सेल स्ट्रेचमधलं कडं दर वेळी का बिघडतं

माणसाच्या किंवा एखाद्या वस्तूच्या अंगातून रंगांची पट्टी निघते आणि गोल वळसा घेऊन त्याच्याभोवती कडं तयार होतं, हा गोल पिक्सेल स्ट्रेच इफेक्ट करायला घेतला की अडचणी त्याच त्याच येतात. कडं गोल न होता लंबगोल होतं, कडं व्हायच्या ऐवजी मधून किरणं फुटतात, वरच्या बाजूला केसाएवढी रेघ राहते, डोक्याचा रंग पायाकडे आणि पायाचा डोक्याकडे जातो, आणि एवढं सगळं जमलं तरी कड्याची जाडी अंगाच्या उंचीशी जुळत नाही म्हणून जोड उघडा पडतो. मग अनडू करायचं, फिल्टर परत लावायचा, परत अनडू, असं चालू राहतं. पण फोटोतली एक पिक्सेलची रेघ ताणून केलेली सरळ पट्टी ज्याने गोल होते त्या फोटोशॉपच्या पोलर कोऑर्डिनेट्स फिल्टरमध्ये बदलण्यासारखं काही नाहीच, दोनच पर्याय आहेत, रेक्टँग्युलर टू पोलर आणि पोलर टू रेक्टँग्युलर, एकही स्लायडर नाही, त्यामुळे तोच फिल्टर कितीही वेळा लावला तरी उत्तर तेच येणार. जे सुधारायचं ते पट्टी सरळ असतानाच सुधारायचं, फिल्टर लावायच्या आधी, आणि म्हणून खालचं बहुतेक सगळं त्या सरळ पट्टीबद्दलच आहे.

आधी फिल्टर नेमकं करतो काय ते बघा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण यातूनच सुटते. रेक्टँग्युलर टू पोलर लावलं की कॅनव्हासची सगळ्यात वरची ओळ गोळा होऊन मधोमध एका बिंदूत जाते, सगळ्यात खालची ओळ पसरून बाहेरचं वर्तुळ होते, आणि डावी कड नि उजवी कड एकमेकींना भेटतात ते केंद्रापासून सरळ वर, घड्याळात १२ असतात त्या रेघेवर. म्हणजे सरळ चित्रातलं आडवं अंतर कोन बनतं आणि उभं अंतर केंद्रापासूनचं अंतर बनतं. पॅनोरमा फोटो गोल वळवून त्याचा छोटा ग्रह करणारे लोक फोटो आधी उलटा का करतात याचं कारणही हेच, जमीन मध्यात आणि आकाश बाहेर हवं असतं, तर जमीन वरच्या बाजूला न्यावी लागते.

आता किरणांची तक्रार घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. पट्टीतले पट्टे आडवे असतील, म्हणजे डावीकडून उजवीकडे एकच रंग सलग जात असेल, तर फिल्टरनंतर एकात एक अशी वर्तुळं मिळतात. पट्टे उभे असतील तर मधून बाहेर जाणारी किरणं मिळतात. आपल्याला कडं हवंय तर पट्टे आडवेच पाहिजेत, आणि आडवे पट्टे मिळतात ते सिंगल कॉलम मार्की टूलने एक पिक्सेल रुंदीचा उभा कॉलम घेऊन तो आडवा ताणला की. सिंगल रो घेऊन खाली ताणलात तर पट्टे उभे होणार आणि किरणंच निघणार. फोटोत आडवी ओळच घ्यायची गरज असेल, समजा माणूस आडवा झोपलाय किंवा पट्टी वरच्या दिशेने जायला हवीय, तर सिंगल रो घ्या, पण ताणल्यावर ती पट्टी ९० अंशात फिरवा, पट्टे आडवे झालेत हे डोळ्यांनी बघा आणि मगच फिल्टरकडे जा.

तो एक पिक्सेलचा कॉलम घेतानाही बरंच काही अडतं. सिंगल रो आणि सिंगल कॉलम ही टूल्स मार्कीच्याच गटात लपलेली असतात, एम दाबून ती येत नाहीत, आयकॉनवर माऊस दाबून धरायचा. क्लिक केल्यावर काहीच दिसत नसेल तर झूम करा, सिलेक्शन झालेलं असतं, फक्त लांबून दिसत नाही. पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त सिलेक्ट झालेले पिक्सेल नाहीत अशा अर्थाची सूचना आली तर वरच्या ऑप्शन्स बारमध्ये फेदर, म्हणजे सिलेक्शनची कड मऊ करणारा आकडा, बघा, तिथे आधीच्या कामाचा ५ किंवा १० आकडा पडून असतो, तो शून्य करा. आणि सिलेक्ट केलेल्या भागाचा नवा लेयर करायला कंट्रोल जे दाबल्यावर सिलेक्ट केलेला भाग रिकामा आहे म्हणून लेयर करता येत नाही असं आलं तर तुम्ही चुकीच्या लेयरवर उभे आहात, लेयर्स पॅनेलमध्ये फोटोचा लेयर निवडा. फोटो बऱ्याच लेयर्सचा मिळून झालेला असेल तर कंट्रोल शिफ्ट सी, म्हणजे कॉपी मर्ज्ड, म्हणजे जे दिसतंय तेच कॉपी होतं. मॅकवाल्यांनी कंट्रोलच्या जागी सगळीकडे कमांड वाचा.

कॉलम कुठून घ्यायचा हा खरं तर चवीचा भाग आहे पण माझं मत पक्कं आहे, जिथे रंग बदलतात तिथून घ्या. नुसत्या काळ्या टी-शर्टमधून आणि काळ्या पँटमधून घेतलेला कॉलम गोल फिरला की काळं टायर दिसतं, त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. चेहऱ्याची कड, कॉलर, शर्टाचे चौकोन, हात, पट्टा, असं काहीतरी त्या एका रेघेत आलं पाहिजे. दोन चार ठिकाणी घेऊन, ताणून, शेजारी शेजारी ठेवून बघा, फिल्टर न लावताच कळतं कुठली पट्टी जिवंत आहे.

आणि अंगाशिवाय मागच्या बॅकग्राउंडचे पिक्सेलही त्या कॉलममध्ये येतात, कारण सिंगल कॉलम टूल कॅनव्हासच्या वरपासून खालपर्यंत सगळंच घेतं. ते नको असेल तर आधी सिलेक्ट सब्जेक्ट वापरून माणूस वेगळ्या लेयरवर काढा आणि त्या लेयरवरून कॉलम घ्या, म्हणजे पट्टीला फक्त अंगापुरतेच रंग येतील आणि वरखालचा भाग पारदर्शक राहील. इथे कटिंगची कड मऊ राहिली असेल तर कड्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला धुरकट किनार येते, म्हणून पट्टीच्या टोकांचे दोन तीन पिक्सेल छाटून टाका.

आता ताणणं. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो कारण फोटोशॉप सीसी २०१९ पासून फ्री ट्रान्सफॉर्मचं, म्हणजे कंट्रोल टी करून लहानमोठं करायच्या सोयीचं, वागणं बदललं. आधी शिफ्ट धरलं तर प्रमाणात मोठं व्हायचं, आता न धरता प्रमाणात मोठं होतं आणि एकाच बाजूला ताणायचं असेल तर शिफ्ट धरावं लागतं. म्हणजे व्हिडिओत सांगितलंय तसं कंट्रोल टी करून बाजूचं हँडल ओढलं की पट्टी रुंद होताना उंचीही प्रचंड वाढते आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. शिफ्ट धरा, नाहीतर प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म म्हणून खूण आहे ती करा. त्याहून चांगलं म्हणजे हँडल पकडूच नका, एक पिक्सेलच्या पट्टीचं हँडल पकडणं तसंही कठीण, वरच्या बारमध्ये डब्ल्यू आणि एचमधली साखळी सोडा आणि डब्ल्यूमध्ये थेट रुंदी पिक्सेलमध्ये टाइप करा. त्याच बारमध्ये इंटरपोलेशन आहे, ते निअरेस्ट नेबर ठेवा, आपल्याला एकच रंग पुढे न्यायचाय, दोन रंगांच्या मधला रंग शोधायचा नाहीये.

रुंदी कॅनव्हासपेक्षा थोडी जास्तच द्या, दोन्ही बाजूंना बाहेर जाऊ दे. ती वरची केसाएवढी रेघ येते ना, ती बहुतेक वेळा पट्टीच्या डाव्या उजव्या टोकांमुळे येते, टोकं कॅनव्हासच्या कडेपर्यंत पोचलेली नसतात किंवा शेवटचा पिक्सेल अर्धवट पारदर्शक झालेला असतो, आणि ही दोन टोकं १२ च्या रेघेवर एकत्र आली की मधली फट दिसते. पट्टी बाहेर गेली की ती अर्धवट टोकंही बाहेर जातात. मग कंट्रोल ए, कंट्रोल जे करून कॅनव्हासमधल्याच भागाचा नवा लेयर बनवा आणि जुना लपवून ठेवा, म्हणजे बाहेर लटकणारे पिक्सेल पुढे त्रास देत नाहीत.

एवढं करूनही रेघ राहिली, किंवा कडं आधीच झालंय आणि मागे जायचं नाहीये, तर अगदी सोपं आहे. सलग रंगांचं कडं कुठूनही फिरवलं तरी सारखंच दिसतं, म्हणून त्या लेयरची कॉपी करा, ती १८० अंशात फिरवा आणि मूळ लेयरच्या खाली ठेवा, खालच्या कॉपीचा धड भाग वरच्या फटीतून दिसतो आणि रेघ जाते. फिरवताना केंद्र हललं नाही एवढं बघा. हे फक्त सलग पट्ट्यांना चालतं, किरणं असतील किंवा पट्टीत डावीकडून उजवीकडे रंग बदलत असेल तर चालणार नाही. तिथे सरळ पट्टीवरच फिल्टर, अदर, ऑफसेट घ्या, आडवं अर्ध्या रुंदीएवढं सरकवा, रॅप अराउंड ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांचा जोड चित्राच्या मधोमध येतो, तिथे हीलिंग ब्रशने किंवा क्लोन स्टँपने तो मिटवा आणि मग पोलर करा. नाहीतर पट्टीची अर्धी बाजू आरशासारखी उलटी करून दुसऱ्या अर्ध्याला लावा, दोन्ही टोकांना एकच रंग आला की जोड उरतच नाही.

लंबगोलाची गोष्ट छोटी आहे. फिल्टर कॅनव्हासच्या मापात बसतो, कॅनव्हास ६००० बाय ४००० असेल तर वर्तुळसुद्धा तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच, म्हणजे लंबगोल. मूळ फोटोच्या फाइलमध्ये हे करूच नका, कडं करायला वेगळी चौकोनी फाइल उघडा, समान बाजूंची, आणि कडं तयार झालं की ते फोटोत आणा. आधीच लंबगोल झालंय आणि परत करायचा कंटाळा आलाय तर वरच्या मापाच्या फाइलसाठी रुंदी ६६.६७ टक्के केली की गोल होतं, पण हे घाईच्या वेळचं काम समजा. आणि कॅनव्हास चौकोनी असूनही कडं एका कोपऱ्यात, लहान किंवा वाकडं येत असेल तर कुठलं तरी सिलेक्शन चालू राहिलंय, फिल्टर त्या सिलेक्शनपुरताच चालतो, कंट्रोल डी करून ते काढा आणि फिल्टर परत लावा.

आता मापं. या इफेक्टचा मूळ प्रश्न माझ्या मते हाच आहे आणि याबद्दल कुणी सांगत नाही, सगळे म्हणतात नजरेने जुळवून घ्या. नजरेने जुळवायची गरज नाही कारण हिशेब सरळ आहे. चौकोनी कॅनव्हासची पूर्ण उंची त्रिज्येत मावते आणि त्रिज्या म्हणजे बाजूच्या अर्धी, म्हणजे उभी मापं बरोबर निम्मी होतात. पट्टीची उंची ६०० असेल तर कड्याची जाडी ३०० होणार. म्हणून फोटोत अंगाच्या कॉलमची उंची जेवढी आहे त्याच्या दुप्पट उंचीची पट्टी घ्यायची. आणि पट्टी कॅनव्हासवर किती खाली ठेवली यावरून मधलं भोक किती मोठं ते ठरतं, पट्टीच्या वरच्या कडेचं कॅनव्हासच्या माथ्यापासून जेवढं अंतर त्याच्या निम्मी आतली त्रिज्या. समजा अंगाचा कॉलम ७०० पिक्सेल उंच आहे. कॅनव्हास ४००० बाय ४००० घेतला, पट्टी १४०० उंच केली, आणि ती माथ्यापासून १८०० ते ३२०० अशी ठेवली, तर आतली त्रिज्या ९००, बाहेरची १६००, आणि जाडी बरोबर ७००. आता हे कडं फोटोत आणलं की लहानमोठं न करता अंगाच्या कॉलमवर बसतं. भोक मोठं हवं असेल तर पट्टी खाली सरकवा, भोक लहान हवं असेल तर वर, जाडी तीच राहते. पट्टी माथ्याला चिकटवलीत तर भोक उरत नाही, भरलेली तबकडी होते. आणि पट्टी अगदी तळापर्यंत नेऊ नका, खालच्या ओळीचा रंग कोपऱ्यांमध्ये ओढला जाऊन बाहेर घाण दिसते, तळाला थोडी रिकामी जागा सोडा.

रंग उलटे येण्याचं उत्तरही यातच आहे. खालचं ते बाहेर आणि वरचं ते आत. त्यामुळे जे टोक कड्याच्या बाहेरच्या बाजूला हवं ते पट्टीत खाली असलं पाहिजे, एवढाच नियम. मग कुठलं टोक बाहेर हवं ते जोडावरून ठरतं. उभ्या माणसाचा कॉलम आहे आणि कडं त्याच्या डोक्यावरून वर फिरणार आहे, तर अंग कड्याच्या तळाशी, ६ च्या जागी जोडलं जातं, तिथे बाहेरची बाजू म्हणजे खालची बाजू, म्हणजे पाय बाहेर हवेत, आणि सरळ पट्टीत पाय खालीच आहेत, म्हणून काहीच उलटं करायचं नाही. कडं माणसाच्या खालून फिरणार असेल तर अंग कड्याच्या माथ्यावर, १२ च्या जागी जोडलं जातं, तिथे बाहेर म्हणजे वर, म्हणजे डोकं बाहेर हवं, मग पट्टी फिल्टरच्या आधी फ्लिप व्हर्टिकल करा. आडवी ओळ घेतली असेल तर जोड ३ च्या किंवा ९ च्या जागी येतो, ३ ला उजवं टोक बाहेर, ९ ला डावं टोक बाहेर, मघाशी म्हटलं तसं ९० अंशात फिरवताना तेच टोक खाली येईल असं फिरवा, म्हणजे ३ साठी घड्याळाच्या दिशेने आणि ९ साठी उलट दिशेने.

जोडाजवळ अजून एक गोष्ट नडते, पट्टे अंगातून निघताना मोडल्यासारखे दिसतात, सरळ येतात आणि एकदम वाकतात. याचं कारण कड्याचं केंद्र कॉलमच्या रेघेत नाहीये. पट्टे बरोबर आडवे फक्त १२ आणि ६ याच दोन ठिकाणी असतात, त्याच्या जरा बाजूला गेलं की ते तिरके व्हायला लागतात. फोटोत कॉलम घेतला त्या जागी व्ह्यूमधून नवीन गाइड, म्हणजे खुणेची उभी रेघ, टाका, आणि कड्याचं केंद्र त्याच गाइडवर आणा, स्नॅप चालू असेल तर आपोआप चिकटतं. कॉलम कुठे घेतला होता ते नंतर सापडत नाही म्हणून गाइड कॉलम घेतानाच टाकून ठेवा. केंद्र आडव्या दिशेने पक्कं झालं की मग फक्त वरखाली सरकवून डोकं डोक्याला आणि पाय पायाला भिडवायचे.

कडं जुळलं की मास्क, म्हणजे काही न पुसता नको तो भाग झाकायची सोय. कडं पूर्ण गोल आहे, ते जोडाच्या दोन्ही बाजूंना जातं, आणि अंगाचा जो भाग शिल्लक ठेवायचाय त्याच्यावरही येतं. म्हणून माणसाचा कापलेला लेयर वर ठेवा, कडं त्याच्या खाली, आणि माणसाच्या लेयरला मास्क लावून गाइडच्या ज्या बाजूला पट्टी निघते त्या बाजूचं अंग झाकून टाका. कडं मागून येऊन पुढून जायला हवं असेल तर कड्याच्या दोन कॉपी, एक माणसाच्या वर, एक खाली, वरच्या कॉपीवर मास्क. इरेजर वापरू नका, जोड पहिल्या प्रयत्नात बसत नाही, परत आणायची सोय हवी. गाइडवर मास्कची कड कडकच पाहिजे, मऊ ब्रशने केलं की अंग आणि पट्टीच्या मध्ये धुकं दिसतं आणि इफेक्टचा सगळा जोर जातो.

कड्यात बारीक बारीक रेघा, झिरमिळ्या दिसतात, झूम बदलला की नाचतात, अशी तक्रार असते. एक कारण म्हणजे फोटोतला नॉइज, एका पिक्सेलच्या कॉलममध्ये प्रत्येक ठिपका वेगळ्या छटेचा असतो आणि ताणल्यावर त्या प्रत्येक ठिपक्याची लांब रेघ होते. दुसरं, जेपेग ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबलेलं असतं, जास्त दाबलेल्या फोटोत त्या ठोकळ्यांच्या कडाही पट्टीत उतरतात. आणि तिसरं म्हणजे वर म्हटलं तसं उभी मापं निम्मी होतात, दोन ओळींचा एक पिक्सेल होताना बारीक रेघा नीट मावत नाहीत. उपाय तिन्हींना एकच, सरळ पट्टीवर मोशन ब्लर, कोन ९० अंश, अंतर २ ते ४ पिक्सेल, म्हणजे शेजारच्या ओळी एकमेकींत थोड्या मिसळतात. गॉशियन ब्लर १ पिक्सेलही चालतो. जास्त करू नका, शर्टाच्या चौकोनांची कड गेली की पट्टी प्लास्टिकसारखी दिसते. फोटो मूळचा रॉ असेल तर कॉलम त्यातून काढलेल्या फाइलमधून घ्या, मेसेजमधून आलेल्या दाबलेल्या कॉपीमधून घेऊ नका.

बाहेरची कड खरखरीत दिसत असेल तर कॅनव्हास लहान पडतोय. २००० च्या कॅनव्हासवर सगळ्यात बाहेरच्या वर्तुळाचा घेर साधारण ६२८३ पिक्सेल होतो आणि तो भरायला सरळ चित्रात फक्त २००० पिक्सेलची रुंदी असते, म्हणजे तिपटीहून जास्त ताण. सलग पट्ट्यांना याचा फारसा फरक पडत नाही पण पट्टीत काहीही पोत असेल, ग्रेन, अक्षरं, ग्रेडियंट, तर बाहेर ते फिसकटतं आणि आत दाटतं. हवं त्याच्या दुप्पट मापावर करा, स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ पिक्सेल जपून ठेवणारा लेयर, करून फोटोत आणा आणि निम्मं करा. अशा वेळी पट्टीचा मघाचा हिशेब दुप्पट नाही तर चौपट धरायचा, हे विसरलं की जाडी परत चुकते.

फिल्टर मेनूच फिका पडलाय, क्लिक होत नाही, तर इमेज, मोड बघा. जीआयएफ किंवा कमी रंगांची पीएनजी उघडली की मोड इंडेक्स्ड कलर असतो आणि त्यात फिल्टर चालत नाहीत, आरजीबी करा. फिल्टर चालला पण कडं पट्टीच्या चौकटीबाहेर गेलंच नाही, तिथल्या तिथे कापलं गेलं, तर लेयर्स पॅनेलमधलं पारदर्शक पिक्सेलचं कुलूप चालू आहे, ते काढा.

गिंप हे दुसरं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे सिंगल कॉलम टूल नाही, रेक्टँगल सिलेक्टमध्ये रुंदी फिक्स्ड करून १ द्या, कॉपी करा, पेस्ट अ‍ॅजमधून नवीन लेयर करा. स्केल लेयरमध्ये साखळी सोडून रुंदी वाढवा, इंटरपोलेशन नन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानंतर लेयर टू इमेज साइज करा, कारण गिंपमध्ये लेयरची स्वतःची चौकट असते आणि फिल्टर त्या चौकटीपुरताच चालतो, हे केलं नाही तर पट्टीएवढ्याच जागेत चपटं काहीतरी मिळतं. मग फिल्टर्स, डिस्टॉर्ट्स, पोलर कोऑर्डिनेट्स. इथे मात्र स्लायडर आहेत, सर्कल डेप्थ १०० टक्के असलं पाहिजे, ते कमी झालं की वर्तुळ चौकोनाकडे झुकायला लागतं. रंग उलटे आले तर मॅप फ्रॉम टॉपची खूण बदला, पट्टी फ्लिप करायची गरज नाही. ऑफसेट अँगलने जोडाची रेघ हवी तिथे फिरवता येते, ही सोय फोटोशॉपच्या फिल्टरमध्ये नाही. फोटोपी हा ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर वापरणाऱ्यांना पोलर कोऑर्डिनेट्स डिस्टॉर्टमध्येच सापडेल.

पूर्ण कडं नकोच आहे, फक्त थोडासा वळसा हवाय, तर पोलरच्या भानगडीत न पडता कंट्रोल टी, राइट क्लिक, वॉर्प, आणि वरच्या बारमधून आर्क घेऊन बेंड वाढवा. पाव वळशापर्यंत हे छान दिसतं, त्यापुढे पट्टी आतून चेंगरते आणि जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, मोठ्या वळशाला पोलरच बरा, अर्धं कडं मास्कने झाका.

ज्यांना कडं बंद न होता गोगलगायीसारखं आत वळत जायला हवंय त्यांनी सरळ पट्टीला फिल्टरच्या आधी स्क्यू द्यावा, एक टोक वर, एक खाली. केंद्रापासूनचं अंतर कोनाबरोबर सारखं बदलत गेलं की सर्पिल होतं. यात १२ च्या रेघेवर दोन टोकं जुळणार नाहीतच, तिथेच पट्टी सुरू होते आणि संपते, म्हणून सर्पिल तयार झाल्यावर फिरवून ते सुरुवातीचं टोक अंगाच्या जोडावर आणायचं. आणि रेघ झाकायची १८० अंशाची युक्ती इथे वापरायची नाही.

सावली शेवटी द्या, सरळ पट्टीवर नको. कड्याच्या वर उजेड कमीजास्त करणारे कर्व्ह्जचे दोन लेयर क्लिप करा, म्हणजे परिणाम कड्यापुरताच राहतो, एक गडद एक उजळ, मास्क काळे करा, आणि फोटोत उजेड जिकडून येतोय त्या बाजूला उजळ, अंगाच्या मागे जातं तिथे गडद असं मऊ ब्रशने रंगवा. अंगाजवळची सावली सगळ्यात जास्त काम करते, तेवढी एक नीट पडली तरी कडं चिकटवल्यासारखं दिसत नाही. पट्टी ताणताना फोटोतलं ग्रेन निघून गेलेलं असतं, म्हणून कड्यावर अ‍ॅड नॉइज २ ते ३ टक्के, मोनोक्रोमॅटिक, म्हणजे बाकीच्या फोटोसारखाच पोत येतो. आणि जेपेग सेव्ह करताना क्वालिटी ७ च्या खाली नेऊ नका, त्याखाली फोटोशॉप रंगांची माहिती कमी बारकाईने साठवतं आणि लाल निळे बारीक पट्टे शेजारच्या पट्ट्यांत सांडतात. १० किंवा त्याहून वर ठेवा, सरळ पट्टीची फाइल पीएसडीमध्ये वेगळी जपून ठेवा, आणि इथलं करूनही अडत असेल तर कॅनव्हासचं माप, पट्टीची उंची आणि पट्टी माथ्यापासून किती खाली आहे हे तीन आकडे सांगा, सोबत फिल्टरच्या आधीचा स्क्रीनशॉट द्या, नंतरचा नाही.